२५१ रुपयांचा फोन ते ९९९ ची पैठणी : ऑनलाइन खरेदीत पैसे नेमके कुठे बुडतात?

१८ फेब्रुवारी २०१६. सकाळचे सहा वाजले होते आणि देशभरातले लाखो लोक एकाच वेबसाइटवर टपून बसले होते. पेपरात पानभर जाहिराती झळकल्या होत्या. फोनचं नाव 'फ्रीडम २५१' आणि किंमत फक्त २५१ रुपये. घरपोच आणायचे ४० रुपये वेगळे. म्हणजे २९१ रुपयांत चार इंची स्क्रीनचा, कॅमेरावाला थ्रीजी स्मार्टफोन. काही वेळातच वेबसाइट कोलमडली आणि बुकिंग थांबवावं लागलं.

हा फोन आणणारी कंपनी होती नोएडाची 'रिंगिंग बेल्स'. मोबाईल उद्योगाच्या संघटनेने सरकारला कळवलं की असा फोन कितीही सवलत दिली तरी साडेतीन हजारांच्या खाली विकता येणार नाही. पत्रकारांना दिलेल्या नमुन्याच्या फोनवर दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं, आणि ते व्हाइटनर लावून झाकलेलं होतं.

पुढे काय झालं ते बहुतेकांना ठाऊक आहे. लाखो लोकांच्या हातात तो फोन कधी आलाच नाही. पण या प्रकरणातला एक भाग फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही, आणि आपल्या कामाचा भाग तोच आहे.

ज्यांनी वेबसाइटवर २९१ रुपये भरले होते, त्यांचे पैसे पेमेंट गेटवेमार्फत गेले होते. बोभाटा झाल्यावर कंपनीने बुकिंग केलेल्या सुमारे ३० हजार लोकांचे पैसे परत केल्याचं जाहीर केलं. दुसरीकडे, गाझियाबादच्या एका वितरकाने कंपनीला थेट बँकेतून ३० लाख रुपये पाठवले होते. त्यातले १६ लाख बुडाल्याची तक्रार त्याने केली, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाला अटक झाली.

म्हणजे बघा, कंपनी एकच. २९१ रुपये भरणाऱ्याचे परत आले आणि लाखो भरणाऱ्याला पोलिस ठाणं गाठावं लागलं. फरक कशात होता? पैसे कोणत्या वाटेने गेले, यात.

एकच प्रश्न विचारायचा

ऑनलाइन फसवणुकीबद्दल आपल्याला नेहमी एकच सल्ला मिळतो : वेबसाइट खरी आहे का ते तपासा. सल्ला चुकीचा नाही. पण हल्ली खोटी वेबसाइट इतकी हुबेहूब बनते की भल्याभल्यांना ओळखता येत नाही. शिवाय रात्री साडेअकराला रील बघताना 'फक्त ७ नग शिल्लक' असं दिसलं की तपासायला बसतंय कोण?

म्हणून तपासायचा प्रश्न थोडा बदलूया. 'ही वेबसाइट खरी की खोटी?' याच्या जोडीला हे विचारा : वस्तू हातात येईपर्यंत माझे पैसे कुणाकडे असणार, आणि गडबड झाली तर ते थांबवणारं कुणी मध्ये आहे का?

मध्ये मोठी शॉपिंग साइट असेल, कार्ड देणारी बँक असेल किंवा पेमेंट गेटवे असेल, तर दाद मागायला दार आहे. पैसे थेट कुणाच्या तरी खासगी खात्यात जाणार असतील, तर मध्ये कुणीच नाही. फसवणुकीचे प्रकार रोज नवे निघतात, पण त्यातल्या बहुतेकांचा उद्देश एकच असतो : तुम्हाला मधला माणूस असलेल्या वाटेवरून उतरवून थेट स्वतःच्या खात्यापर्यंत आणायचं. किंमत हे फक्त गळाला लावलेलं आमिष.

प्रकरण किती मोठं आहे?

केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२३ मध्ये सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे ७,४६५ कोटी रुपये गेले. २०२४ मध्ये हा आकडा २२,८४५ कोटींवर गेला. एका वर्षात तिपटीने वाढ. यात खरेदीसोबत गुंतवणूक, 'डिजिटल अरेस्ट' असे सगळे प्रकार धरलेले आहेत. आणि हे फक्त नोंद झालेले आकडे. ७९९ रुपयांच्या न आलेल्या कुर्त्यासाठी तक्रार करणारे मुळात किती असतात? या मुद्द्याकडे शेवटी परत येऊ.

स्वस्त म्हणजे खोटंच का?

नाही. ऑनलाइन वस्तू खरोखर स्वस्त मिळतात. जुनं मॉडेल संपवायचं असतं, हंगाम सरलेला असतो, बँक स्वतःच्या कार्डावर सूट देते, छापील किंमतच फुगवलेली असते. त्यामुळे '७० टक्के सूट' हा आकडा बघून काहीच कळत नाही. त्यापेक्षा वस्तूचा हिशोब मांडून बघा.

पैठणीचं उदाहरण घेऊ. येवल्यात किंवा पैठणमध्ये हातमागावर अस्सल रेशमी पैठणी विणायला डिझाइनप्रमाणे काही आठवड्यांपासून काही महिने लागतात. त्यात रेशीम आलं, जर आली, विणकराची मजुरी आली. मग इन्स्टाग्रामवर 'अस्सल हातमाग पैठणी, फक्त ९९९, घरपोच मोफत' असं दिसलं की हिशोब करा. ९९९ मधून जाहिरातीचा खर्च वजा करा, कुरिअर वजा करा, पॅकिंग वजा करा. उरलेल्या पैशांत विणकराचा एक आठवडा तरी भागतो का?

यंत्रमागावरची सेमी पैठणी हजाराच्या आसपास मिळते आणि तिच्यात वाईट काही नाही. विकणारा ती सेमी म्हणून विकत असेल तर तो प्रामाणिक व्यवहार आहे. अस्सल म्हणून सेमी विकली तर ती लबाडी. आणि पैसे घेऊन काहीच पाठवलं नाही तर ती सरळ चोरी. खरी हवी असेल तर पैठणीचं भौगोलिक मानांकन आणि शुद्ध रेशमासाठीचा 'सिल्क मार्क' याबद्दल विकणाऱ्याला विचारा. खरा दुकानदार उत्साहाने सांगतो. दुसरा म्हणतो, 'ताई, स्टॉक संपतोय, आधी पेमेंट करा.'

वाटेवरून उतरवतात कसं?

समजा, दिवाळीला आठवडा उरलाय. फेसबुकवर एका नावाजलेल्या ब्रँडचे बूट दिसतात. 'गोदाम रिकामं करायचं आहे, ४ हजारांचे बूट ६९९ ला.' इथून पुढे साधारण चार वळणं येतात.

पहिलं वळण : जाहिरातीवरून थेट व्हॉट्सॲप. 'ऑर्डरसाठी मेसेज करा.' व्हॉट्सॲपवरून प्रामाणिकपणे विकणारे छोटे व्यावसायिक, बचत गट आपल्या आसपास भरपूर आहेत, त्यामुळे एवढ्यावरून कुणाला चोर म्हणता येत नाही. पण मोठ्या ब्रँडचा माल कुणी खासगी नंबरवरून विकत असेल तर तिथे पाणी मुरतंय.

दुसरं वळण : 'कॅश ऑन डिलिव्हरी आहे, पण आधी २०० रुपये बुकिंग.' रक्कम मुद्दाम छोटी ठेवलेली असते. २०० गेले तर गेले, असं आपल्याला वाटावं म्हणून.

तिसरं वळण : खासगी यूपीआय किंवा क्यूआर कोड. इथे एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. पैसे पाठवण्याआधी यूपीआय ॲपमध्ये समोरच्याचं नाव दिसतं. एनपीसीआयच्या २०२५ च्या नियमानुसार तिथे बँकेत नोंद असलेलंच नाव दाखवावं लागतं, मनाने ठेवलेलं टोपणनाव चालत नाही. त्यामुळे पिन टाकण्याआधी दोन सेकंद ते नाव वाचा. दुकान 'अमुक फॅशन' आणि खातं कुणा भलत्याच माणसाचं, असं दिसलं की बोट तिथेच थांबवा.

चौथं वळण : पैसे भरल्यानंतरचा 'छोटासा' खर्च. आधी जीएसटी, मग विमा, मग कस्टम. 'हे पैसे पार्सलसोबत परत मिळतील' असंही सांगतात. आधीचे ६९९ बुडू नयेत म्हणून माणूस आणखी ५०० भरतो. मग आणखी हजार. बरेच लोक सर्वात जास्त पैसे घालवतात ते याच टप्प्यावर.

कुलूप, ब्लू टिक आणि पाच तारे

वेबसाइटच्या पत्त्याजवळचं कुलूप बघून अनेकांना हायसं वाटतं. त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या वेबसाइटच्या मधली माहिती कुणाला वाचता येत नाही. पलीकडे बसलेला माणूस चोर आहे की साव, हे कुलूप सांगत नाही.

ब्लू टिकचंही तसंच. मेटाने जून २०२३ पासून भारतात दरमहा पैसे घेऊन टिक द्यायला सुरुवात केली. त्यासाठी ओळखपत्र तपासतात, विकलेला माल तपासत नाहीत. आणि 'प्रायोजित' म्हणजे कुणीतरी पैसे भरून दाखवलेली जाहिरात, फेसबुकने दिलेली शिफारस नव्हे.

रिव्ह्यूबद्दल तर बोलायलाच नको. खोट्या रिव्ह्यूंचा सुळसुळाट इतका झाला की २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोला ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी वेगळं मानक काढावं लागलं. पाच तारे वाचण्यापेक्षा दोन आणि तीन तारेवाल्यांनी काय लिहिलंय ते वाचा. खऱ्या गिऱ्हाइकाची कुरकूर तिथे सापडते.

आणि ते उलटं मोजणारं घड्याळ? '०४ मिनिटं शिल्लक', '३८ लोक आत्ता हे बघत आहेत'? अशी खोटी घाई करायला लावणं हा 'डार्क पॅटर्न' आहे, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवून निर्णय घ्यायला लावणारी रचना. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये असे १३ प्रकार ठरवून त्यांवर बंदी घातली. नामांकित साइटवरही ही घड्याळं दिसतात, त्यामुळे घड्याळ दिसलं म्हणजे फसवणूक असं नाही. पण तुम्हाला विचार करायला वेळ मिळू नये, ही कुणाची तरी इच्छा आहे एवढं नक्की.

मग भरवशाचं काय? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीने आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव व संपर्क दाखवणं बंधनकारक आहे. वेबसाइटच्या तळाशी जाऊन बघा. तिथे नुसता एक फॉर्म किंवा जीमेलचा पत्ता असेल तर सोडून द्या. जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा २७ आणि गोव्याचा ३०. पुण्याचा पत्ता सांगणाऱ्या दुकानाच्या क्रमांकाची सुरुवात भलत्याच आकड्याने होत असेल किंवा पोर्टलवर भलत्याच धंद्याचं नाव येत असेल, तर तो क्रमांक दुसऱ्याचा उचललेला असू शकतो.

कॅश ऑन डिलिव्हरी तरी सुरक्षित ना?

अर्धवट. वस्तू दारात आल्याशिवाय पैसे जात नाहीत, हे खरं. पण बऱ्याचदा पैसे आधी द्यायचे आणि खोका नंतर उघडायचा, अशी पद्धत असते. खोक्यात बुटांऐवजी जुनी चिंधी निघाली तरी डिलिव्हरीवाला काही करू शकत नाही. तो फक्त पोचवणारा.

म्हणून महागड्या वस्तूला 'ओपन बॉक्स डिलिव्हरी'ची सोय असेल तर ती निवडा. नसेल तर खोका फोडताना सलग व्हिडिओ काढा. त्यात पार्सलवरचं लेबल आणि न फाडलेली चिकटपट्टी दिसायला हवी. तक्रार करताना हा पुरावा कामाला येतो. आणि घरात कुणीच काही मागवलेलं नसताना पार्सल आलं तर पैसे देऊ नका. घरात आजी-आजोबा एकटे असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा. 'नातवाने मागवलं असेल' म्हणून पैसे देऊन मोकळं होणं फार सहज घडतं.

ऑर्डर खरी, तरीही फसवणूक

कधीकधी खरेदी अस्सल साइटवरून झालेली असते आणि सापळा नंतर लागतो.

टपाल खात्याच्या नावाने एसएमएस येतो : 'तुमचं पार्सल गोदामात आलंय, पत्ता अपूर्ण आहे, लिंकवर दुरुस्त करा.' असे मेसेज खोटे असल्याचं सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने सांगितलंय. लिंकवर किरकोळ रक्कम मागतात, पण खरा डोळा तुमच्या कार्डच्या माहितीवर असतो.

दुसरा प्रकार बनावट कस्टमर केअरचा. रिफंड अडकला म्हणून माणूस गुगलवर नंबर शोधतो आणि वर दिसणारा पहिला नंबर फिरवतो. पलीकडचा गोड बोलून एखादं ॲप टाकायला सांगतो, ज्यातून तुमच्या फोनची स्क्रीन त्याला दिसते. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच एनीडेस्कसारख्या ॲपचा असा गैरवापर होत असल्याचा इशारा दिला होता. कस्टमर केअरचा नंबर नेहमी कंपनीच्या ॲपमधूनच घ्या, सर्चमधून नको.

तिसरा प्रकार विकणाऱ्यांसाठी. जुना सोफा विकायला काढलात, भाव न करता गिऱ्हाईक तयार झालं आणि म्हणालं, 'पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा.' इथे एकच नियम पाठ करा : पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो फक्त द्यायला. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जाणार.

अडकलातच, तर?

सर्वात आधी वेळ. चोरीचे पैसे एका खात्यात थांबत नाहीत. एकातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवून ते काढून घेतले जातात. म्हणून उद्या सकाळी बघू असं म्हणू नका.

१) १९३० वर फोन करा. ही राष्ट्रीय सायबर फसवणूक हेल्पलाइन आहे. तुमची तक्रार संबंधित बँकांपर्यंत पोचवली जाते आणि पैसे पुढच्या खात्यात असतील तर तिथे गोठवता येतात. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही करता येते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. गोठवलेले पैसे परत मिळायला ठरलेली प्रक्रिया लागते, तेव्हा तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

२) बँकेला लगेच कळवा. इथे एक फरक लक्षात घ्या. तुमची आणि बँकेची चूक नसताना नकळत पैसे गेले आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार नुकसान तुमच्यावर येत नाही. पण स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांना हे संरक्षण तसं मिळत नाही. कार्डाने पैसे भरले असतील तर 'वस्तू मिळाली नाही' म्हणून चार्जबॅक मागता येतो. मध्ये कुणीतरी असण्याचा फायदा तो हाच.

३) पुरावे पुसू नका. राग येऊन चॅट डिलीट करणारे, नंबर ब्लॉक करणारे खूप असतात. आधी जाहिरात, चॅट, वेबसाइटचा पत्ता आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट काढा.

४) कंपनी खरी असेल तर वाट वेगळी. चुकीची किंवा फुटकी वस्तू आली आणि कंपनी दाद देत नाही, तर ते ग्राहक हक्काचं प्रकरण. नियमानुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तिचा निपटारा करायचा असतो. तसं झालं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानेही भागलं नाही तर ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही.

आणखी एक सावधगिरी. एकदा फसलेल्या माणसाला काही दिवसांनी दुसरा फोन येतो : 'तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, फक्त फी भरा.' तो पहिल्याचाच भाऊबंद असतो.

७९९ रुपयांसाठी तक्रार कशाला?

आता सुरुवातीला राहिलेला मुद्दा. या फसवणुकीतल्या किमती ६९९, ७९९, ९९९ अशाच का असतात? गिऱ्हाईक मोहात पडावं हे एक कारण. दुसरं कारण असं की एवढ्या रकमेसाठी सहसा कुणी पोलिसांकडे जात नाही. चोराचा हिशोब तुमच्या गप्प बसण्यावर मांडलेला असतो. एकाने ८० हजार चोरले तर बोंब होते. शंभर जणांकडून प्रत्येकी ८०० घेतले तर शंभर जण मनातल्या मनात चरफडतात आणि विसरून जातात.

विसरण्यामागे लाजही असते. 'एवढा शिकलेला, तरी फसला' असं कुणी म्हणेल म्हणून लोक नवऱ्यापासून, बायकोपासून, मुलांपासून लपवतात. पण तुमच्या ७९९ च्या तक्रारीमुळे ते खातं, तो नंबर नोंदीत येतो. तशा दहा तक्रारी एकाच खात्याकडे बोट दाखवायला लागल्या की तेच खातं अकराव्या माणसासाठी बंद होऊ शकतं. घरात कुणी फसलं तर आधी १९३० लावून द्या, शहाणपण नंतर शिकवा. आत्ता ओरडलात तर पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणारच नाहीत.

२०१६ मध्ये २५१ रुपयांचा फोन बुक करणारे मूर्ख नव्हते. अनेकांसाठी तो आयुष्यातला पहिला स्मार्टफोन ठरणार होता. स्वस्तात चांगलं मिळावं असं वाटण्यात गैर काहीच नाही. फक्त पिन टाकण्याआधी एकदा विचारा : आत्ता हे पैसे निघाले, तर वाटेत त्यांना अडवणारं कुणी आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर तो बूट, ती साडी, तो फोन राहू द्या.